द्राक्षबागेतली मेहनत आणि मजुरांचं आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यात जुन्नर-नारायणगावपासून खाली बारामती-इंदापूरपर्यंत द्राक्षबागा आहेत. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), मग पेस्टिंग (काडीवरच्या डोळ्यांना म्हणजे कोंबांना औषध लावणं), फेलफूट (बिनघडाचे फुटवे काढणं), डिपिंग (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं), थिनिंग (घडातले जादा मणी विरळणं) आणि जानेवारीपासून काढणी. वर्षभर बागेला माणूस लागतो. बागायतदार, मुकादम आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या ताई-दादांकडून वरचेवर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

कांद्या-उसाच्या कामात अंग दुखतंच. मग द्राक्षाचं वेगळं काय?

इथे एकच हालचाल हजारो वेळा होते. ९ फूट बाय ५ फुटांवर लागण असेल तर एकरात ९६८ वेली बसतात. गोडी छाटणीला एका वेलीवर ३५ काड्या धरल्या तर एकरी जवळपास ३४ हजार कात्र्या माराव्या लागतात. दहा जणांनी दिवसात एकर उरकला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३,४०० वेळा मूठ आवळणं आलं, तेही एकाच हाताने. ऊसतोडीत सगळं अंग दमतं. इथे मनगट, अंगठा, खांदा आणि मान एवढ्याच जागा दमतात आणि त्यांना रात्रभरात पुरेसा आराम मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तेच काम, पुढच्या बागेत तेच काम. म्हणून हे दुखणं हंगामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढतं आणि मग जात नाही.

मांडवाखाली काम करणाऱ्यांची मान आणि खांदे का धरतात?

मांडवाची, म्हणजे वेली पसरवायच्या आडव्या जाळ्याची, तार जमिनीपासून साधारण साडेसहा फुटांवर असते. पाच फूट उंचीच्या बाईला घड विरळायचा असेल तर हात डोक्याच्या वर आणि मान पूर्ण मागे टाकावी लागते. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं. मान सरळ असताना ते मणक्यावर पेललं जातं, मागे टाकली की मानेचे छोटे स्नायू आणि सांधे ते पेलतात. वर धरलेल्या हाताच्या खांद्यात स्नायूची दोरी हाडाखाली चेपत राहते. हात खांद्याच्या वर ठेवून दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त काम झालं की खांदा बिघडायचा धोका वाढतो, आणि थिनिंगला तर सहा-सात तास तसेच जातात.

उपाय उंचीत आहे. काम करणारीला आठ-दहा इंच वर उचललं की हात तेवढे खाली येतात. त्यासाठी चार पायांचा, दोन फूट लांब, एक फूट रुंद लाकडी बाक करून घ्यावा. ओल्या मातीत रुतू नये म्हणून पायांखाली आडवी पट्टी मारावी. क्रेट उलटा घालून त्यावर उभं राहणं हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात वाईट आहे. क्रेटचा तळ मधून वाकतो, कड तुटते आणि माणूस पाठीवर पडतो.

वाय ट्रेलिसमध्ये (इंग्रजी Y आकाराच्या तारांच्या आधारावर) घड छाती-खांद्याच्या उंचीला लोंबतात, त्यामुळे मान बरीच वाचते. पण तिथे उंच माणसाला वाकून मांडीवर हात टेकत काम करावं लागतं आणि कंबर धरते. टोळीत उंच-बुटकी माणसं असतातच. उंच गड्यांना वरच्या तारेचं शेंडा मारायचं आणि बांधणीचं काम द्यावं, घडाचं काम बेताच्या उंचीच्या माणसांना द्यावं. एवढी वाटणी सकाळी पाच मिनिटांत होते.

थिनिंगच्या दिवसांत रात्री बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की बरं वाटतं. हे काय आहे?

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, त्रास रात्री वाढत असेल, तर मनगटातून जाणारी नस दाबली जात असण्याची शक्यता मोठी. मनगट वाकवून कात्री चालवली की तिथल्या अरुंद जागेत दाब वाढतो. करंगळी बधिर होत असेल तर मात्र नस दुसरी आहे आणि दाब कोपराशी किंवा तळहाताच्या कडेला असू शकतो. डॉक्टरांना कुठलं बोट ते नेमकं सांगावं.

सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपल्यानेच बऱ्याच जणांना उतार पडतो. दिवसा घडाला हाताकडे वळवावं, मनगटाला घडाकडे वळवू नये. डाव्या हाताने घड फिरवायचा आणि कात्री सरळ रेषेत आत घालायची. नवीन बायांना पहिल्या दिवशी हे एकदा करून दाखवलं की त्या तशाच करतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल भाग बसलेला दिसला, बटण लावता येईना, हातातून वस्तू निसटू लागल्या, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. नस कायमची सुकली की मागाहून ऑपरेशन करूनही पूर्ण ताकद परत येत नाही.

अंगठ्याच्या बाजूने मनगटात कळ येणं, बोट वाकून अडकणं आणि 'टक्' होऊन सुटणं, हेही याच हंगामातले आजार आहेत. तेल चोळून बरे होत नाहीत. जोरात चोळलं तर सूज वाढते.

सिकेटरकडे (छाटणीच्या कात्रीकडे) काय बघायचं?

आधी धार बघा. बोथट सिकेटरने काडी कापायला जास्त जोर लागतो, म्हणजे दिवसातल्या त्या ३,४०० मुठी तितक्याच जास्त जोरात आवळल्या जातात. दर दोन तासांनी हिरा-कानस उताराच्या बाजूने चार-पाच वेळा फिरवावी. सपाट बाजूला कानस लावू नये, पात्यांत फट पडते आणि काडी कापली न जाता चेंगरते. चेंगरलेल्या काडीचा डोळाही नीट फुटत नाही, म्हणजे नुकसान बागेचंही आहे.

मग मूठ. पूर्ण उघडल्यावर सिकेटरची खालची दांडी बोटांच्या मधल्या पेराच्या पुढे जात असेल तर ते त्या हाताला मोठं आहे. पुरुषाच्या मापाची सिकेटरं बायांच्या हातात देणं ही नेहमीची चूक. स्प्रिंग फार कडक नको, कारण प्रत्येक वेळी ती दाबायला बोटंच लागतात. दांड्या एकमेकींवर आपटतात तिथे रबराचा ठोकळा असतो. तो झिजला की प्रत्येक कापाचा हिसका थेट तळव्यात बसतो. ठोकळा दहा-वीस रुपयांत बदलून मिळतो, पण कोणी बदलत नाही. रोज संध्याकाळी पाती पुसून सांध्यात तेलाचा थेंब सोडावा.

बॅटरीवरच्या सिकेटरने मुठीचा ताण जवळजवळ संपतो. पण ते काडी आणि बोट यांत फरक करत नाही. मोकळा हात पात्यापासून वीतभर लांब हवा, आणि थकलेल्या माणसाच्या हातात ते देऊ नये.

कंबरेचा पट्टा बांधून काम करावं का?

रोज नको. डॉक्टरांनी ठराविक दिवसांसाठी सांगितला तरच. पट्ट्यामुळे वजन उचलणं सुरक्षित होत नाही, फक्त तसं वाटतं.

काढणीच्या वेळी क्रेट किती भरावा?

काठोकाठ भरलेला क्रेट वीस किलोच्या आसपास जातो. तेवढं वजन अंगाशी धरून, सरळ उभ्याने, कमरेच्या उंचीवरून उचललं तर निरोगी माणसाला झेपतं. बागेत मात्र ते जमिनीवरून, ओळीच्या अरुंद वाटेत, अंग पिळवटून उचललं जातं. क्रेट अर्धाच भरावा, घडांचा एकच थर. द्राक्षाच्या भल्यासाठीही तेच योग्य, कारण खालचे मणी दबत नाहीत आणि पांढरी लव पुसली जात नाही. ओळीच्या टोकाला क्रेट जमिनीवर न ठेवता दीड-दोन फुटांच्या मचाणावर ठेवला की भरणाऱ्याचं आणि उचलणाऱ्याचं, दोघांचंही वाकणं वाचतं. हातगाडी असेल तर उत्तमच.

उक्तं काम घेतल्यावर विश्रांती परवडते का?

हा प्रश्न मुकादम विचारतात आणि तो खरा आहे. एकरावर दर ठरला की थांबलेला प्रत्येक मिनिट खिशातून जातो असं वाटतं. पण दुपारनंतर कात्रीचा वेग आपोआप पडतो, चुका वाढतात, मण्यांना टोचा बसतात. तासाला पाच मिनिटं हात खाली सोडून उभं राहिलं तर दुपारनंतरचा वेग टिकतो. या पाच मिनिटांत खांदे मागे फिरवायचे, हनुवटी मागे ओढून मान सरळ करायची, हाताची बोटं पूर्ण ताणून उघडायची. बसून बिडी ओढण्यात ही पाच मिनिटं गेली तर उपयोग नाही.

त्याहून चांगलं म्हणजे दर दोन तासांनी काम बदलणं. विरळणाऱ्यांनी थोडा वेळ घडांना पेपर लावावा, पेपरवाल्यांनी पाला काढावा. बागायतदाराने उक्त्याचा दर ठरवतानाच या विश्रांतीचा वेळ त्यात धरायला हवा. तो मजुराच्या अंगावर टाकणं बरोबर नाही, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पेस्टिंगनंतर संध्याकाळी दारू प्यायलेला माणूस लाल होऊन कोसळतो, ते का?

गोडी छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. लिटरला ३० ते ४० मिलिचं द्रावण, ओळखू यावं म्हणून त्यात लाल रंग, आणि स्पंजाने किंवा ब्रशने काडीवरच्या डोळ्यांना लावायचं. हे औषध कातडीतून शरीरात जातं आणि दारू पचवणारं यकृतातलं एक विकर बंद पाडतं. मग थोडी दारू पोटात गेली तरी तिचं विषारी अर्धवट रूप रक्तात साचतं. चेहरा आणि छाती लालबुंद होते, डोकं फुटायला लागतं, धडधड होते, उलटी होते, रक्तदाब घसरतो. एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून ते काम संपल्यानंतर पुढे आठवडाभर दारूचा थेंबही नको. खोकल्याच्या काही औषधांत आणि टॉनिकमध्येही अल्कोहोल असतं, बाटली वाचून घ्यावी. मुकादमाने हे काम वाटतानाच सगळ्यांसमोर सांगावं. ज्याला जमणार नाही त्याला त्या दिवशी दुसरं काम द्यावं, लाज न आणता.

दुसरा धोका कातडीचा. हे औषध कातडी भाजतं आणि काहींना पुढे त्याची कायमची ॲलर्जी बसते. हात वर करून स्पंज पिळला की द्रावण मनगटावरून थेट कोपरापर्यंत ओघळतं. म्हणून नायट्राइलचे कोपरापर्यंत येणारे हातमोजे घालावेत, शर्टाची बाही मोज्याच्या आत घ्यावी आणि मोज्याची कड बाहेरच्या बाजूला दोन बोटं दुमडावी. ओघळ त्या घडीत अडतो. खाली वाकून करायच्या कामात उलट, बाही मोज्याच्या बाहेर. कापडी मोजे घालण्यापेक्षा उघडा हात परवडला, कारण भिजलेलं कापड औषध दिवसभर कातडीला लावून धरतं. उघडा हात निदान लगेच धुतला जातो. डोळ्यांवर बंद चष्मा हवाच, कारण मांडवाखाली थेंब वरून पडतात.

त्रास झाला तर डबा किंवा लेबल दवाखान्यात न्यावं. नाव ऐकून सायनाइड समजण्याची चूक होऊ शकते. हे सायनाइड नाही, त्याचा उतारा इथे चालत नाही. उपचार लक्षणांप्रमाणे होतात. रुग्णाने दारू घेतली आहे का, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं.

फवारणी झालेल्या बागेत मजूर कधी सोडायचे?

लेबलवर मुदत दिली असेल तेवढ्यानंतर. दिली नसेल तर किमान २४ तासांनी आणि पान पूर्ण सुकल्यावर. सकाळी ब्लोअर (ट्रॅक्टरचं फवारणी यंत्र) मारायचा आणि दहा वाजता त्याच ओळीत डिपिंगला बाया घालायच्या, हे सर्रास होतं आणि हे थांबायला हवं. ओली पानं हाताला, गळ्याला, तोंडाला घासत जातात. फवारणाऱ्याकडे निदान मास्क असतो, मागून येणाऱ्या बाईकडे काहीच नसतं. बागेच्या तोंडाशी फळ्यावर औषधाचं नाव, फवारल्याची वेळ आणि आत जायची वेळ खडूने लिहून ठेवावी.

फवारणाऱ्यासाठी: तोंडावर बांधलेला रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क औषधाची वाफ अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफेचं काडतूस असलेला रबरी मास्क लागतो. आत वास येऊ लागला की काडतूस संपलं. गंधकाच्या भुकटीला मात्र एन-९५ पुरतो. नोझल तुंबला तर जुन्या टूथब्रशने साफ करावा, तोंडाने फुंकू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नयेत.

डिपिंगमध्ये जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) धोकादायक नाही असं सांगितलं जातं. नुसता जीए तितका धोकादायक नाहीच. पण तो आधी ॲसिटोनमध्ये विरघळवतात आणि त्या वाफा पेट घेतात, म्हणून जवळ बिडी नको. त्याच बादलीत पुष्कळदा बुरशीनाशकही मिसळलेलं असतं. तेव्हा डिपिंगलाही हातमोजे लागतात.

विषबाधा झाली हे कसं ओळखायचं? पहिलं काय करायचं?

फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांत तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, दरदरून घाम फुटतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, स्नायू फडफडतात, छाती भरून येते. उन्हाच्या झळीतही घाम आणि चक्कर असते, पण बाहुली बारीक होत नाही आणि लाळ गळत नाही. फरक इथे बघावा.

माणसाला औषधाच्या जागेवरून बाहेर आणा. कपडे उतरवा, साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, केस आणि नखांसकट. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी काढू नका. दूध, तूप, ताक पाजू नका. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. १०८ ला फोन करा आणि डबा सोबत पाठवा. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर चोवीस तास माहिती देतं, तिथे डॉक्टरही विचारू शकतात.

बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक तर जुनं आणि साधं आहे. त्याचाही धोका असतो?

असतो. एक टक्क्याला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना लागतो. चुना विरवताना तो उकळतो आणि उडतो. चुना डोळ्यात गेला की आम्लापेक्षा जास्त खोल भाजतो. ताबडतोब अर्धा तास वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा, मगच गाडीत बसायचं. वर्षानुवर्षं हे तुषार छातीत गेल्यावर काय होतं, ते १९६९ मध्ये पोर्तुगालच्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसांत प्रथम नोंदवलं गेलं. तिथे तांब्याच्या गाठी आणि व्रण सापडले. दम लागणं आणि कोरडा खोकला महिनाभर टिकला तर छातीचा एक्स-रे काढावा आणि फवारणीचं काम डॉक्टरांना सांगावं.

डोळ्याला काडी लागली तर मेडिकलमधून ड्रॉप आणून चालेल का?

नाही. काडीच्या किंवा पानाच्या ओरखड्यातून बुबुळावर बुरशीचा संसर्ग होतो. स्टिरॉइड असलेल्या थेंबांनी डोळा एक-दोन दिवस बरा वाटतो आणि आत बुरशी माजते. पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं. छाटणीत साधा पारदर्शक चष्मा घातला तर हे टळतं. ताणलेल्या तारेचं टोक तुटलं की तेही डोळ्याच्याच उंचीला फिरतं.

एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी करताना पाणी किती प्यावं?

दर वीस मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न बघता. तासाला साधारण पाऊण ते एक लिटर. दीड लिटरपेक्षा जास्त एका तासात नको. जास्त घाम येत असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवावं आणि दुपारी चारनंतर पुन्हा धरावं. पहिल्यांदाच आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात निम्मंच काम द्यावं, शरीर उन्हाला रुळायला तेवढे दिवस लागतात.

बोलणं बरळल्यासारखं झालं, चाल भरकटली, अंग तापलं, तर तो उष्माघात समजावा. गाडी येईपर्यंत थांबू नका. ठिबकच्या टाकीचं पाणी अंगावर ओता आणि वारा घाला.

इथे बायांबद्दल वेगळं सांगायला हवं. बागेत आडोसा नसतो म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी रोखतात. त्यातून जळजळ, ताप, किडनीचा संसर्ग आणि उन्हाची चक्कर, सगळं एकत्र येतं. ओळीच्या टोकाला शेडनेटचा बंद आडोसा, आत बादलीभर पाणी आणि कडी असलेलं दार एवढं जरी केलं तरी बाया पाणी पिऊ लागतात. खर्च एका फवारणीपेक्षा कमी येतो.

पॅकहाऊसमध्ये (द्राक्षं निवडून पेट्या भरायच्या जागी) सावली आहे, बसून काम आहे. तिथे काय त्रास?

बहुतेक ठिकाणी ते उभ्याने असतं, दहा-दहा तास. टेबल कोपरापेक्षा दोन ते चार इंच खाली असावं. पायाखाली रबरी चटई आणि एक पाय आलटून पालटून ठेवायला वीतभर उंचीचा पाट ठेवावा. पोटऱ्या आणि कंबर, दोन्ही वाचतात. पेटीत घालायच्या पॅडमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो. दम्याच्या माणसाला पॅडच्या टेबलावर किंवा कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवू नये.

गरोदर बाईला कुठलं काम द्यावं?

पेस्टिंग, डिपिंग, फवारणी आणि क्रेट उचलणं नाही. पेपर छाटणं, बसून प्रतवारी करणं चालेल. मजुरी मात्र पूर्ण द्यावी.

पहाटेच्या काढणीत साप आणि बिबट्या यांचं काय?

जुन्नर भागात हा प्रश्न नेहमी येतो. बिबट्या वाकलेल्या किंवा बसलेल्या आकृतीला भक्ष्य समजू शकतो. अंधारात एकट्याने ओळीत बसून काम करू नये. दोघा-तिघांनी बोलत, उजेड घेऊन जावं. वेलीच्या बुंध्याशी पाल्याचं आच्छादन असेल तर घोणस त्याखाली असते. हात घालण्याआधी काठीने हलवावं, पायात घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. दंश झाला तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. अवयव न हलवता थेट प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या.

काही झालं तर मजुराला मदत कुठून मिळते?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख रुपयांपर्यंत मदत आहे, विषबाधा आणि सर्पदंशही त्यात येतात. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. भूमिहीन मजूर तिच्यात बसत नाही, आणि टोळीत बहुतेक भूमिहीनच असतात. त्यांच्यासाठी निदान पंतप्रधान सुरक्षा विमा योजना चालू करून द्यावी. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण मिळतं. वर्ष १ जूनला सुरू होतं आणि हप्ता खात्यातून कापला जातो, म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढे पैसे आहेत का हे मुकादमाने प्रत्येकाला विचारावं. बागायतदाराने वीस जणांच्या टोळीचा हप्ता स्वतः भरला तर ४०० रुपये होतात.